फुजी पर्वताचा चित्रकार होकुसाई

उतारवयातही माणसाच्या हातून केवढे कार्य घडते, हे जपानी चित्रकार होकुसाई याच्या चरित्रावरून कळते. त्याचा जन्म १७६० मध्ये एदो, म्हणजे आजच्या टोकियो शहरी झाला. लहानपणी तो लाकडी ठसे कोरण्यास शिकला.

१८२८ मध्ये पत्नी वारली. नातवाच्या कर्जापायी घरी ओढगस्त आली. तरी सत्तरीच्या सुमारास त्याने फुजी पर्वताची ३६ दृश्ये काढावयास घेतली. तो चित्र रेखाटी, कारागीर रंगागणिक निराळा ठसा कोरी आणि छापणारा ते कागदावर उमटवी. कुठे पिंप करणाऱ्या कारागिराच्या बिनबुडाच्या पिंपातून, तर कुठे उसळत्या लाटेखालून फुजी डोकावतो. मळवलीच्या छापखान्यातील रविवर्म्याची चित्रे जशी आपल्याकडे घरोघरी गेली, तशी ही स्वस्त चित्रे सामान्यांच्या घरी पोचली. मागणी वाढून त्यांत आणखी १० चित्रांची भर पडली.

१८३९ मध्ये आगीत त्याचे घर व चित्रे जळाली. त्याने पुन्हा कुंचला धरला. नवऱ्यापासून विभक्त होऊन माहेरी आलेली त्याची कन्या ओई स्वतः कुशल चित्रकार होती. १८४९ मध्ये तो निवर्तला, तोवर तिने त्याची सोबत केली व त्याच्या कामास हात दिला. होकुसाईचे नाव घेताना ओईचेही स्मरण ठेवावे.