नागोबाच्या अंगणातला दरबार

पौष अमावास्या जवळ आली की तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातले केसलापूर हे छोटेसे खेडे माणसांनी फुलून जाते. इथला नागोबा हा गोंडांच्या मेश्राम कुळाचा देव. पांढऱ्या वस्त्रांतली मेश्राम मंडळी रानावनातून पायी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, वडाच्या झाडांखाली मुक्काम करतात आणि अमावास्येच्या रात्री त्या पाण्याने देवाची पूजा बांधतात. कुळात नव्याने आलेल्या सुनांना देवापुढे आणून त्यांची भेट घडवतात. किनवट, यवतमाळ, चंद्रपूरकडचे गोंडही या जत्रेला येतात. परधानांची किंगरी वाजू लागली की त्यांच्या लेखी मधली राज्याची सीमा पुसली जाते.

पण मला या जत्रेत सर्वांत नवल वाटते ते दरबाराचे. देवळाजवळच मांडव घालून सरकारी अधिकारी बसतात आणि डोंगरातून आलेली माणसे एकेक करून आपले गाऱ्हाणे मांडतात. जमिनीचे, पाण्याचे, रस्त्याचे. देवाच्या जत्रेत सरकारने हजेरी लावण्याची ही प्रथा पाडली कोणी? तर व्हिएन्नातल्या एका सरदार घराण्यात जन्मलेल्या माणसाने!

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ सालचा. मानववंशशास्त्र शिकून ते १९३६ मध्ये नागा टेकड्यांत आले आणि भारताच्या प्रेमात पडले. १९३८ मध्ये बेट्टी बर्नार्डो या इंग्रज तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया तोवर जर्मनीने गिळला होता. त्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्या हाती पासपोर्ट होता जर्मनीचा. भारतात असलेला हा अभ्यासक एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्यांना निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहण्याचे बंधन घातले गेले. दुसरा कोणी नशिबाला दोष देत बसला असता. हे पतिपत्नी मात्र नल्लमलाच्या जंगलात चेंचूंकडे गेले, मग गोदावरीकाठच्या कोंडा रेड्डींकडे आणि शेवटी आदिलाबादच्या गोंडांकडे.

आदिलाबादेत तेव्हा जखम ताजी होती. राखीव जंगलाच्या नावाखाली गोंडांची गावे उठवली जात होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनी कागद नाही म्हणून बाहेरच्या सावकारांच्या, शेतकऱ्यांच्या नावे होत होत्या. त्याविरुद्ध कोमराम भीम या गोंड तरुणाने बंड पुकारले आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीने त्याचा बळी घेतला. बंड मोडले, पण ते मुळात झाले कशामुळे, हा प्रश्न निजाम सरकारलाही टाळता येईना. त्याचा शोध घेण्याचे काम हायमेनडॉर्फ यांच्याकडे आले.

ते मारलवाई नावाच्या गोंडांच्या गावात जाऊन राहिले, गोंडी बोलू लागले. कारण त्यांना लवकरच उमगले. गोंडांना लढाईची हौस नव्हती; त्यांच्या पायाखालची जमीन गेली होती. मग त्यांनी पट्ट्यांसाठी सरकारचा पिच्छा पुरवला आणि हजारो कुटुंबांच्या नावे जमिनी झाल्या. १९४३ मध्ये मारलवाईत गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र निघाले. गोंडीची क्रमिक पुस्तके छापली गेली, तीही आपल्या देवनागरीत. याच गोंडांत पुढे आपले सेतुमाधवराव पगडी रमले आणि त्यांनी गोंडीचे व्याकरण लिहिले, हे मराठी वाचकाने विसरू नये.

दरबारही याच दशकातला. कचेरीत जायला गोंड बिचकतो, कारकुनाची भाषा त्याला कळत नाही. पण नागोबाला तो दरवर्षी न चुकता येतो. तेव्हा माणसाला कचेरीकडे ओढण्याऐवजी कचेरीच देवाकडे न्यावी! इतकी साधी गोष्ट, पण ती सुचायला त्या माणसांत राहावे लागते.

१९४९ नंतर हायमेनडॉर्फ लंडनच्या विद्यापीठात अध्यापक झाले. निवृत्तीच्या सुमारास ते आदिलाबादला पुन्हा आले, तेव्हा दिसले ते चित्र मन विषण्ण करणारे होते. चांगले रस्ते झाले आणि त्याच रस्त्यांनी जमिनीचे नवे गिऱ्हाईक आले. मिळवून दिलेल्या जमिनींपैकी बऱ्याच पुन्हा हातच्या गेल्या होत्या. २० एप्रिल १९८१ रोजी केसलापूरजवळच्या इंद्रवेल्लीत जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक त्याहून कितीतरी अधिक सांगतात. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हायमेनडॉर्फ यांनी ही सारी परवड आडपडदा न ठेवता मांडली.

मग त्यांचे आयुष्य वाया गेले का? मला तसे वाटत नाही. बेट्टी १९८७ मध्ये हैदराबादेत वारल्या आणि त्यांची समाधी मारलवाईत झाली. १९९५ मध्ये हायमेनडॉर्फ लंडनला निवर्तले. त्यांच्या अस्थीही पुढे मारलवाईत पत्नीशेजारी विसावल्या. गाव दरवर्षी त्यांचे स्मरण करते. पुस्तके लिहिणारे अभ्यासक पुष्कळ होतात. ज्यांच्यावर लिहिले त्यांनी आपल्या मातीत जागा द्यावी, असे भाग्य किती जणांना लाभते?

आणि केसलापूर? २०२२ साली मेश्राम कुळाने आपसांत वर्गणी काढून नागोबाचे नवे दगडी मंदिर उभे केले. देवासाठी त्यांनी कोणापुढे हात पसरला नाही. जमिनीसाठी मात्र ते आजही दरबारात अर्ज घेऊन उभे राहतात. देव त्यांचा त्यांनी राखला आहे. जमीन राखायला आपण, म्हणजे बाहेरच्या शहाण्या जगाने, त्यांना कितपत साथ दिली, याचे उत्तर अजून द्यायचे आहे.