तरुणांचे पिता : संत जॉन बॉस्को

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करते. परिस्थितीने गांजलेल्या मुलांसाठी त्यांनी आपले आयुष्य वेचले.

इटलीतील कास्तेलनुओव्हो गावाजवळील बेक्की वाडीवर १६ ऑगस्ट १८१५ रोजी एका गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचे होण्यापूर्वीच वडील वारले. आई मार्गारेट हिने काबाडकष्ट करून मुलांना वाढविले. लहानपणीच जॉनला परक्याच्या शेतावर राबावे लागले. शिक्षण चालू असताना त्याने शिंपीकाम, लोहारकाम, सुतारकाम शिकून घेतले.

५ जून १८४१ रोजी तूरिन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी खेड्यापाड्यांतील मुले कामधंद्यासाठी तूरिन शहरात येत आणि तेथे निराधार होऊन भटकत. फादर जोसेफ कफासो ह्यांच्यासमवेत तुरुंगांना भेटी देताना फादर बॉस्कोंना कोवळ्या वयाचे कैदी दिसले. सुटका झालेली मुले पुन्हा गजाआड येत, कारण बाहेर त्यांना आपले म्हणणारे कोणी नव्हते. मुलगा तुरुंगात पोहोचण्यापूर्वीच त्याला कोणी मित्र भेटला तर, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला.

८ डिसेंबर १८४१ रोजी मिस्सेची सेवा करता येत नाही म्हणून एका अनाथ मुलाला सॅक्रिस्टीतून मारून हाकलण्यात आले. बार्थोलोम्यू गारेल्ली हे त्याचे नाव. फादर बॉस्कोंनी त्याला परत बोलावले, मायेने विचारपूस केली आणि धर्मशिक्षण सुरू केले. हीच ओरेटरीची सुरुवात होय. रविवारी प्रार्थना, खेळ, गाणी व अभ्यास असा हा मेळा भरे. मुलांच्या गलबल्यामुळे शेजारी तक्रारी करीत व जागा सोडावी लागे. अखेर १८४६ च्या पुनरुत्थान सणाला वाल्दोक्को येथे एका साध्या शेडमध्ये त्यांना स्थैर्य लाभले. त्याच वर्षी आई मार्गारेट तेथे आली व शेकडो मुलांची माता झाली.

केवळ आसरा देऊन फादर बॉस्को थांबले नाहीत. कारखानदारांशी त्यांनी मुलांच्या वतीने लेखी करार केले. मालकाने धंदा नीट शिकवावा, मारहाण करू नये, घरगडी म्हणून राबवू नये, सणावारी सुट्टी द्यावी, अशी कलमे त्यांत असत. १८५३ पासून ओरेटरीतच चांभारकाम व शिवणकाम ह्यांचे वर्ग निघाले. पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम व छपाई ह्यांची भर पडली. शिक्षेच्या धाकाऐवजी विवेक, श्रद्धा आणि प्रेमळपणा ह्या तीन पायांवर त्यांची शिक्षणपद्धती उभी होती.

१८५४ साली तूरिनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा हीच मुले रुग्णसेवेसाठी पुढे सरसावली. ज्यांना शहराने उपद्रवी ठरविले होते, ती शहराच्या उपयोगी पडली.

१८५९ साली त्यांनी सालेशियन संस्था स्थापन केली. १८७२ साली संत मेरी माझारेल्लो ह्यांच्या सहकार्याने धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. ३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांनी देह ठेवला. १९३४ साली पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. १९०६ साली सालेशियन धर्मगुरू तंजावर येथे आले आणि हे कार्य भारतात रुजले. मुंबईत माटुंगा व कुर्ला येथील डॉन बॉस्को संस्था आपल्या परिचयाच्या आहेत.

आपल्या धर्मग्रामातही शाळा सुटलेला, हाताला काम नसलेला एखादा तरुण असेल. तो चर्चच्या आवारात आला, तर त्याला हाकलणारा हात भेटेल की परत बोलावणारा, ह्याचा विचार आपण ह्या सणाच्या निमित्ताने करू या.