कै. राम गणेश गडकरी

ज्या बीड जिल्ह्यांत अंबाजोगाई येथें मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधी आहेत, तेथील विद्यार्थ्यांस मराठी वाङ्मयाची थोरवी निराळी सांगावयास नको. परंतु तें वाङ्मय निर्माण करणाऱ्यांस किती कष्ट सोसावे लागतात, याची कल्पना आमच्या बालवाचकांस क्वचितच असते. स्नेहसंमेलनांत एखादा नाट्यप्रवेश रंगला म्हणजे टाळ्या नटांस मिळतात. लेखकाची आठवण कोणास होत नाहीं. म्हणून सुप्रसिद्ध नाटककार गडकरी यांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

रामभाऊंचा जन्म २६ मे १८८५ रोजीं गुजराथेंतील नवसारी येथें झाला. लहानपणींच त्यांचें पितृछत्र हरपलें व धाकटा भाऊ गोविंद हाही अकालीं वारला. पुढें कविता लिहितांना त्यांनीं 'गोविंदाग्रज', म्हणजे गोविंदाचा वडील भाऊ, हें नांव घेतलें. पुण्यास येऊन ते फर्ग्युसन कॉलेजांत शिकूं लागले. परंतु पदवी त्यांच्या पदरांत पडली नाहीं. उदरनिर्वाहासाठीं त्यांनीं शाळेंत शिकविलें, 'ज्ञानप्रकाश' पत्रांत काम केलें, आणि किर्लोस्कर नाटक मंडळींतील मुलांच्या शिक्षकाची नोकरी पत्करली. ही नोकरी लहान होती खरी; पण रंगभूमीचें अंतरंग त्यांना तेथेंच जवळून पाहावयास मिळालें. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांस ते गुरु मानीत. त्यांच्याच वाटेनें जाऊन त्यांनीं 'बाळकराम' या नांवानें विनोदी लेखही लिहिले.

त्यांचें 'गर्वनिर्वाण' हें आरंभींचें नाटक त्यांच्या हयातींत रंगभूमीवर आलेंच नाहीं. दुसरा एखादा लेखणी ठेवून स्वस्थ बसला असता. रामभाऊंनीं मात्र नवें नाटक हातीं घेतलें. १९१२ सालीं महाराष्ट्र नाटक मंडळीनें त्यांचा 'प्रेमसंन्यास' रंगभूमीवर आणला, व १९१६ सालीं किर्लोस्कर मंडळीनें 'पुण्यप्रभाव' केला. त्यांची भाषा कित्येकांस फार अलंकारिक वाटते, व तें अगदींच खोटें नाहीं. तथापि त्या भाषेचें सामर्थ्य टीकाकारांसही मान्य करावें लागलें.

'एकच प्याला' हें त्यांचें सर्वांत प्रसिद्ध नाटक. सुधाकर हा बुद्धिमान व मानी वकील. कोर्टांत झालेला अपमान विसरण्यासाठीं तो मद्याचा पहिला प्याला घेतो आणि त्याच्या संसाराची राखरांगोळी होते. साध्वी सिंधूवर लोकांचें दळण दळण्याची पाळी येते. दारूचे दुष्परिणाम व्याख्यानांतून अनेकांनीं सांगितले. पण सिंधूचें दुःख डोळ्यांनीं पाहून प्रेक्षकांचीं अंतःकरणें जशीं हेलावलीं, तशीं तीं उपदेशानें क्वचितच हेलावतात.

हें नाटक रंगभूमीवर आलेलें पाहणें मात्र रामभाऊंच्या नशिबीं नव्हतें. क्षयानें त्यांचें शरीर पोखरलें होतें. नागपूरजवळील सावनेर येथें आजारांतही त्यांचें 'भावबंधन' नाटकाचें काम चालूच राहिलें, आणि त्याचा शेवट पुरा करून २३ जानेवारी १९१९ रोजीं, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला. त्याच वर्षीं गंधर्व मंडळीनें 'एकच प्याला' व बळवंत संगीत मंडळीनें 'भावबंधन' रंगभूमीवर आणलें. प्रेक्षकांची गर्दी लोटली. पण तिला नमस्कार करावयास लेखक उरला नव्हता. 'राजसंन्यास' व 'वेड्यांचा बाजार' हीं दोन नाटकें तर अपुरींच राहिलीं. 'वाग्वैजयंती' हा काव्यसंग्रहही त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झाला.

पदवी नाहीं, द्रव्य नाहीं, आरोग्य नाहीं. अशा स्थितींत या पुरुषानें मराठी भाषेस एवढें धन दिलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं परीक्षेंतील एखाद्या अपयशानें खचून जाऊं नये, आणि पालकांनींही तेवढ्यावरून मुलाची किंमत ठरवूं नये, इतकें तरी या चरित्रापासून घेण्यासारखें आहे. यापुढें आमच्या संमेलनांत पडदा पडेल, तेव्हां नटांबरोबर नाटक लिहिणाऱ्याचेंही नांव कृतज्ञतेनें घेतलें जावें, अशी आमची इच्छा आहे.