टिळकांचा दरबार आणि चर्चचे ऐक्य

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रॉटेस्टंट मंडळ्यांची मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. या ऐक्याची मराठी पूर्वखूण रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या जीवनात सापडते. १८६१ साली ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या या कवीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि बीडशेजारच्या अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य केले. पाश्चात्य पंथभेदांपलीकडची देशी ख्रिस्तभक्ती त्यांना अभिप्रेत होती. म्हणून त्यांनी अभंग व कीर्तन जवळ केले. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तेथे स्थान होते. १९१९ मध्ये ते निवर्तले. दरबारही फार काळ टिकला नाही. विलीनीकरणाने संस्थांची घटना एक होते. मने एक व्हावयास मात्र कोणीतरी आपले कुंपण प्रथम ओलांडावे लागते.