इंदूरच्या महाराजांची नारिंगी मोटार

आलापल्लीला आमच्या बँकेच्या शाखेसमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक गॅरेज होते. गॅरेज म्हणजे काय, चार सागवानी बल्ल्या आणि वर पत्रे. साल १९८८. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन सहा वर्षे झाली होती. जंगलात लाकूड-बांबूची कामे घेणाऱ्या ठेकेदारांकडे लष्कराच्या लिलावात निघालेल्या जुन्या जीपा असत. त्या पेट्रोल फार पीत. मग त्यांचे इंजिन उतरवून तिथे डिझेलचे बसवायचे, हा त्या मिस्त्रीचा मुख्य धंदा.

दुपारी गिऱ्हाईक नसले की मी ते पाहत बसे. इंजिन बदलणे म्हणजे चार बोल्ट खोलून चार आवळणे, अशी माझी समजूत होती. ती लवकरच गेली. नव्या इंजिनाचे पाय जुन्या सांगाड्याच्या भोकांवर कधीच येत नाहीत. ते वेल्डिंग करून नव्याने बनवायचे. गिअरबॉक्सशी सांधा जुळत नाही, म्हणून मध्ये घालायची प्लेट लेथवर कातून आणायची. डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढच्या कमानी बसतात. त्यांत एक पाटा वाढवायचा. रेडिएटर पुढे सरकवायचा. एवढे करूनही गाडी पहिल्या दिवशी सुरू होईलच, असे नाही.

त्या गॅरेजच्या खांबाला, मारुतीच्या कॅलेंडरशेजारी, एका इंग्रजी मासिकाचे फाटके पान चिकटवलेले होते. त्यावर एक मोटार होती. नारिंगी आणि काळी, लांबच लांब नाकाची, आणि माणसे बसायची जागा मात्र दोनच. बोनेटच्या बाजूतून नागासारख्या वळलेल्या चकचकीत नळ्या बाहेर आलेल्या. खालचे इंग्रजी वाचून सांगा साहेब, असे मिस्त्रीने मला म्हटले. ती इंदूरच्या होळकर महाराजांची गाडी होती. त्या नळ्यांतून हवा आत जात असेल का, असेही त्याने विचारले. मी साहेब होतो, त्यामुळे माहीत नसतानाही हो म्हणालो.

पुढे त्याने कर्जाचा अर्ज आणला. पंधरा हजार रुपये. एका जीपच्या सांगाड्यावर मोठे इंजिन चढवून त्याला स्वतःसाठी एक बुटकी, दोन माणसांची गाडी बांधायची होती. विकायची नव्हती, भाड्याने द्यायची नव्हती. मी अर्जावर अनुत्पादक प्रयोजन असा शेरा मारला आणि नामंजूर केला. नियमाने ते बरोबरच होते. पण तो फोटो डोक्यात राहिला, आणि पुढे जिथे जिथे बदली झाली तिथल्या वाचनालयात या महाराजांविषयी जे मिळेल ते वाचत गेलो.

आपल्या चांद्याचा आणि होळकरांचा तसा थेट संबंध नाही. पण एकाच वावटळीत दोघेही सापडले होते. नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरकर भोसल्यांची सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात महिदपूरला होळकर हरले, आणि मे १८१८ मध्ये चांद्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. होळकरांनी जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह केला, म्हणून त्यांची गादी टिकली. गादी टिकली, लढाया संपल्या. ज्या घराण्याचे मूळपुरुष मल्हारराव घोड्याच्या पाठीवर हिंदुस्थानभर फिरले, त्या घरात पुढे घोडा मिरवणुकीपुरता उरला आणि इंदुरात रेसिडेन्सी उभी राहिली. राजाने काय करावे आणि काय करू नये, याचा अखेरचा शब्द तिथून येई.

यशवंतराव होळकर, या नावाचे दुसरे, यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. वडील तुकोजीराव (तिसरे). मुलाचे शिक्षण इंग्लंडात झाले, आधी चार्टरहाउस, मग ऑक्सफर्ड. १९२४ मध्ये कागलकर घाटग्यांच्या संयोगिताबाईंशी त्यांचे लग्न झाले. वधू त्यांच्याहून पाचेक वर्षांनी लहान.

आणि लगेच पुढच्या वर्षी ते प्रकरण घडले. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या एका मोटारीने अडवली. बावला ठार झाले. त्यांच्याबरोबर मुमताज बेगम होती; ती पूर्वी इंदूर दरबारात होती आणि तिथून निघून आली होती. तिला पळवून नेण्याचा तो डाव होता. योगायोगाने त्याच रस्त्याने ब्रिटिश लष्करी अधिकारी येत होते, त्यांनी हल्लेखोरांना अडवले आणि डाव फसला. धागे इंदूरपर्यंत जातात, असा संशय उघड बोलला जाऊ लागला. चौकशीला सामोरे जा किंवा गादी सोडा, असे दोन पर्याय सरकारने तुकोजीरावांपुढे ठेवले. त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. त्यांचा दोष कोणत्या न्यायालयात सिद्ध झाला नाही. तो प्रश्नच तिथे मिटवला गेला.

म्हणजे एका मोटारीने दुसरीचा पाठलाग केला आणि त्यापायी सतरा वर्षांचा मुलगा राजा झाला. पुढे त्याच मुलाला मोटारींचे वेड लागले. यात कुणी काही अर्थ शोधू नये. पण मला ही गोष्ट विसरता येत नाही, हेही खरे.

राज्याचे पूर्ण अधिकार यशवंतरावांना मिळाले मे १९३० मध्ये. वय एकवीस. उंच, सडपातळ, प्रकृतीने नाजूक. पॅरिसमध्ये मॅन रे या विख्यात छायाचित्रकाराने या तरुण दांपत्याचे फोटो काढले आहेत. त्यांत ती दोघे राजा-राणी वाटतच नाहीत, नुकतेच लग्न झालेले आणि एकमेकांच्या संगतीत रमलेले जोडपे वाटते. बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने महाराजांची दोन चित्रे काढली, एक विलायती पोशाखातले आणि दुसरे मराठी राजाच्या पोशाखातले. माणूस एकच, पण दोन्ही चित्रांत तो आपल्याच घरी असल्यासारखा वाटतो.

ऑक्सफर्डच्या दिवसांत त्यांची एकार्ट मुथेसियस या जवळपास त्यांच्याच वयाच्या जर्मन वास्तुशिल्पकाराशी ओळख झाली होती. त्याच्याकडून त्यांनी १९३० ते १९३३ या काळात इंदूरला माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. राजवाडा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महिरपी, झुंबरे आणि पेंढा भरलेले वाघ येतात. इथे त्यातले काहीच नव्हते. सरळ रेषा, पोलादी खिडक्या, गारवा राखणारी यंत्रणा, धातू आणि काचेचे पलंग. बरेचसे सामान जर्मनीत घडवून जहाजाने आणलेले. प्रत्येक दिवा, प्रत्येक खुर्ची निवडून घेतलेली. ब्रांकुझी या शिल्पकाराचे पक्ष्याचे शिल्प त्यांनी घेतले, ब्राँझचे. पुढे संगमरवराचे आणखी दोन, एक पांढरे आणि एक काळे. ज्यात ना चोच दिसते ना पंख, फक्त वर झेपावणारी एक रेघ, असा पक्षी विकत घ्यायला त्या काळी डोळा लागत होता.

आता त्या मोटारीकडे येतो.

अमेरिकेत इंडियानापोलिसला ड्यूसेनबर्ग नावाची कंपनी होती. जर्मनीतून लहानपणी गेलेल्या फ्रेड आणि ऑगस्ट या भावांनी सायकलींपासून सुरुवात करून ती काढली. त्यांच्या गाड्यांनी तिथली ५०० मैलांची प्रसिद्ध शर्यत १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा जिंकली. १९२८ च्या अखेरीस त्यांनी एक गाडी बाजारात आणली. आठ सिलिंडरचे इंजिन, सुमारे सात लिटरचे, ताकद २६५ अश्वशक्ती. आपल्या ओळखीच्या पद्मिनीची ताकद चाळीसच्या आसपास असे, यावरून अंदाज यावा. १९३२ मध्ये याच इंजिनाला त्यांनी सुपरचार्जर जोडला आणि ताकद ३२० वर गेली. त्याच वर्षी फ्रेड ड्यूसेनबर्ग अशीच एक गाडी चालवताना अपघातात सापडले आणि काही दिवसांनी वारले.

सुपरचार्जर म्हणजे काय, हे मिस्त्रीला सांगायला हवे होते. लोहाराच्या भट्टीला भाता असतो. नुसता कोळसा पेटतो, पण भात्याने हवा दिली की लोखंड पांढरे होते. इंजिनाचेही तसेच. साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढेल तेवढीच आत येते आणि तेवढेच पेट्रोल जळते. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच जोरावर, पण त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरणारा पंखा. तो हवा दाबून आत कोंबतो. पंखा फिरवायला इंजिनाची थोडी ताकद खर्च होते आणि त्याहून बरीच जास्त परत मिळते. हे गणित बँकेतल्या माणसाला चटकन कळते. आजच्या ट्रकांना जो टर्बो असतो तो याचाच भाऊ, फक्त तो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. बोनेटमधून निघालेल्या त्या चकचकीत नळ्या मात्र धूर बाहेर नेणाऱ्या. मी मिस्त्रीला नेमके उलटे सांगितले होते.

ड्यूसेनबर्ग कंपनी इंजिन आणि सांगाडा विके. वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. आपल्याकडे ट्रकची चासी घेऊन बॉडी दुसरीकडे बांधतात, तोच प्रकार. सुपरचार्जर असलेल्या अशा गाड्या सारे मिळून छत्तीसच्या आसपास झाल्या. त्यांतली एक यशवंतरावांनी घेतली. अमेरिकेतला सांगाडा लंडनला गेला, तिथे गर्नी नटिंग या नामांकित बॉडीवाल्यांनी १९३५-३६ च्या सुमारास त्यावर नारिंगी-काळी बॉडी चढवली. एवढ्या लांब सांगाड्यावर सात माणसे सहज मावली असती. महाराजांनी दोघांची गाडी करवली. पुढे त्याच कारागिरांकडून त्यांनी हिस्पानो-सुईझा या कंपनीच्या सांगाड्यावरही एक गाडी बांधून घेतली, तीही त्याच रंगांत.

हा पैसा कुणाचा होता? माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस आणि गहू पिकवणाऱ्यांचा, गिरण्यांच्या शहराचा. हे विसरून त्या गाडीचे कौतुक करता येत नाही. जगभर मंदी असताना एक माणूस दोन आसनांसाठी असा खर्च करतो, हे कोणत्याही कर्ज समितीपुढे टिकणार नाही. पण मला असेही वाटत आले आहे की ज्या राजाच्या हातात सैन्य, तह, परराष्ट्र यांतले काहीच नव्हते, त्याला आपल्या मनासारखे घडवून घेता येईल असे फार थोडे उरले होते. घराची खिडकी, खुर्ची, मोटारीचा मडगार्ड. तिथे रेसिडेंट साहेब आड येत नव्हते. ही सबब झाली, हिशेब नव्हे, हे मलाही कळते.

गाडीचे सुख फार दिवस लाभले नाही. १९३७ च्या उन्हाळ्यात संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. मागे तीन वर्षांची मुलगी. ड्यूसेनबर्ग कंपनीही त्याच वर्षी बंद पडली. त्या तीन पक्ष्यांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचे होते. त्यासाठी ब्रांकुझी १९३७ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला. पण महाराजांचे चित्त ठिकाणावर नव्हते, काम काही सुरू झाले नाही आणि तो जानेवारीत परतला. मंदिर कागदावरच राहिले.

पुढचे आयुष्य मी भरभर सांगतो, कारण तेही तसेच गेले. दोन लग्ने, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी. दीर्घ मुक्काम परदेशात, प्रकृती तोळामासा. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. संस्थानिकाने असे करावे हे इंग्रजांना अर्थातच रुचले नाही. गाडीपेक्षा हे धाडस मोठे होते, असे मी म्हणेन. १९४७ मध्ये भोपाळच्या नबाबांच्या संगतीने काही काळ घुटमळून इंदूर भारतात सामील झाले. मे १९४८ मध्ये मध्यभारत संघ झाला, तेव्हा ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख आणि होळकर उपराजप्रमुख झाले. ते पद १९५६ पर्यंत चालले.

एक गोष्ट आपल्या विदर्भासाठी. नागपूरचे सी. के. नायडू तुकोजीरावांच्या काळातच इंदूरला गेले होते आणि होळकर सैन्यात त्यांना हुद्दा मिळाला होता. यशवंतरावांच्या आश्रयाखालच्या होळकर संघाने त्यांच्या नेतृत्वाखाली १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. पन्नाशी उलटलेला कर्णधार तरुणांना पळवत होता. तो खर्च मात्र माळव्यातल्या लोकांना मैदानावर जाऊन पाहता आला.

५ डिसेंबर १९६१ रोजी यशवंतराव मुंबईत वारले. वय त्रेपन्न. माणिकबाग १९७६ मध्ये सरकारकडे गेली, तिथे कर खात्याचे कार्यालय आले. आतले सामान १९८० मध्ये मोनॅकोत लिलावाला निघाले. नारिंगी मोटार समुद्र ओलांडून अमेरिकेत परतली. तिथल्या प्रदर्शनांत ती मांडली गेली आहे.

आलापल्लीच्या मिस्त्रीने कर्जाशिवायच गाडी बांधली. तीन वर्षे लागली त्याला. मिनी ट्रकचे इंजिन, जीपचा सांगाडा, पत्रा हाताने ठोकलेला आणि रंग, सांगायला नकोच, नारिंगी. माझी बदली झाली होती. सामान न्यायला आलो तेव्हा त्याने मला शेजारी बसवून नागेपल्लीपर्यंत नेले. आवाजामुळे बोलणे अशक्यच होते. नळ्यांची खरी गोष्ट तोवर मला कळली होती, ती परत आल्यावर सांगितली. ते त्याला ठाऊक होते. पहिल्या दिवसापासूनच ठाऊक होते म्हणाला, आणि बोनेट उघडून गळणाऱ्या रेडिएटरला साबण लावू लागला.