एलेन स्वॉलो रिचर्ड्स : गृहविज्ञानाच्या आद्य प्रवर्तक

गृहव्यवस्था हा विद्यापीठीय अध्ययनाचा विषय होऊ शकतो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात अनेक विद्वानांना हास्यास्पद वाटत असे. गृहिणींसाठी लिहिलेली उपदेशपर पुस्तके होती, अमेरिकेतील काही महाविद्यालयांत पाककलेचे वर्गही भरू लागले होते. परंतु अन्न, पाणी आणि हवा यांचे प्रयोगशाळेतील शास्त्र घराच्या उंबरठ्याच्या आत आणण्याचे कार्य ज्यांनी आयुष्यभर केले, त्यांत एलेन स्वॉलो रिचर्ड्स यांचे नाव अग्रभागी आहे. या विषयाला उच्च शिक्षणात प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या विदुषीला स्वतःला मात्र सर्वोच्च पदवी अभ्यासाने मिळविता आली नाही. त्यांच्या चरित्राचे मर्म या विसंगतीत आहे.

एलेन यांचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील डन्स्टेबल या खेड्यात झाला. आईवडील दोघेही शिक्षक होते आणि एलेन हे त्यांचे एकुलते एक अपत्य. प्रारंभीचे शिक्षण घरीच झाले. १८५९ मध्ये कुटुंब वेस्टफर्ड येथे आले. तेथील अकादमीत शिकत असताना त्या वडिलांच्या दुकानातही हातभार लावीत. पुढील शिक्षणासाठी पैसे साठविण्यात कित्येक वर्षे गेली. अखेर १८६८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी व्हासर या महिला महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे खगोलशास्त्रज्ञ मारिया मिचेल यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. तथापि त्यांचा ओढा रसायनशास्त्राकडे वळला.

१८७० मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे अर्ज केला. त्या संस्थेत तोवर एकाही स्त्रीला प्रवेश मिळालेला नव्हता. एलेन यांना विशेष विद्यार्थिनी म्हणून घेण्यात आले आणि शुल्कही माफ झाले. ही सवलत आपल्या गरिबीमुळे मिळाली असे त्यांना वाटले. खरे कारण पुढे कळले. आक्षेप निघाल्यास ही बाई आमची विद्यार्थिनीच नव्हे, असे सांगण्याची वाट संस्थेने मोकळी ठेवली होती. प्रयोगशाळेत केर काढणे, प्राध्यापकांचे फाटलेले कपडे सांधणे, कोणाचे बोट कापले तर पट्टी बांधणे ही कामेही त्या आपण होऊन करीत. घरकामाची ही कौशल्ये त्यांनी विरोध मावळविण्याचे साधन म्हणून जाणीवपूर्वक वापरली, असे दिसते. १८७३ मध्ये त्यांना संस्थेची विज्ञानशाखेची पदवी मिळाली. त्याच वर्षी लोहखनिजाच्या पृथक्करणावरील प्रबंधाबद्दल व्हासरने एम.ए. पदवी दिली. यानंतरही त्यांनी संशोधन चालू ठेवले, परंतु संस्थेने त्यांना डॉक्टरेट दिली नाही.

१८७५ मध्ये खाणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट हॅलोवेल रिचर्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षी त्यांच्या प्रयत्नाने संस्थेत स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली व तेथे त्यांनी विनावेतन अध्यापन केले. संस्थेत स्त्रियांना पुरुषांबरोबर शिकता येऊ लागल्यावर १८८३ मध्ये ही प्रयोगशाळा बंद झाली. तिची गरज उरू नये हेच तिचे साफल्य होते. १८८४ पासून अखेरपर्यंत त्या तेथेच आरोग्य-रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. १८८७ पासून राज्याच्या आरोग्य मंडळासाठी झालेल्या जलपरीक्षणात हजारो नमुने त्यांच्या देखरेखीखाली तपासले गेले. निर्मळ पाण्यात निसर्गतः किती क्लोराइड असते याचा नकाशा तयार करून, त्याहून अधिक प्रमाण आढळल्यास सांडपाण्याचा संसर्ग ओळखण्याची रीत या कामातून सिद्ध झाली.

स्वयंपाक व स्वच्छता यांच्या रसायनशास्त्रावरील त्यांचे पुस्तक १८८२ मध्ये, तर अन्नपदार्थांतील भेसळीवरील १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. १८९० मध्ये त्यांनी मेरी हिन्मन एबल यांच्यासह बॉस्टनमध्ये ‘न्यू इंग्लंड किचन’ उघडले. स्वस्त आणि पोषक अन्न शास्त्रीय पद्धतीने शिजवून गरिबांना विकावे, हा हेतू होता. १८९४ पासून शहरातील शाळांना तेथून जेवण पुरविले जाऊ लागले. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता त्या स्थलांतरित कामगारांनी त्याकडे पाठ फिरविली. निरनिराळ्या देशांतून आलेल्या या लोकांना ते मिळमिळीत अन्न रुचेना. मनुष्य केवळ पोषणमूल्ये खात नाही, त्याच्या ताटात त्याची जन्मभूमीही असते, हे रसायनशास्त्राच्या तराजूत मावणारे नव्हते. हे अपयश त्यांच्या दृष्टीची मर्यादा दाखविते, आणि चरित्रकाराने ते झाकू नये.

१८९९ मध्ये लेक प्लॅसिड येथे मेल्व्हिल ड्यूई दांपत्याच्या निमंत्रणावरून मोजकी माणसे या विषयाचे स्वरूप ठरविण्यास जमली. परिषदा १९०८ पर्यंत भरत राहिल्या आणि त्यांतूनच ‘अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन’ जन्मास आली. एलेन तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९१० मध्ये स्मिथ कॉलेजने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. ३० मार्च १९११ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचे मूल्यमापन सोपे नाही. या विषयाने अनेक स्त्रियांना प्राध्यापकपदे व संशोधनाची क्षेत्रे मिळाली, हे निर्विवाद. परंतु शास्त्र शिकू पाहणाऱ्या स्त्रीला याच दालनाकडे वळविण्याची सोयही त्यामुळे झाली. हा पेच आपल्याकडेही ओळखीचा आहे. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या संदर्भात, स्त्रियांसाठी अभ्यासक्रम निराळा असावा काय, हा वाद महाराष्ट्रात झाला. पुढे दिल्लीत १९३२ मध्ये लेडी आयर्विन कॉलेज आणि बडोद्यात १९५० मध्ये हंसा मेहता यांच्या कुलगुरुपदाच्या काळात गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली. १९९४ मध्ये त्या अमेरिकन संघटनेने ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नाव सोडून ‘फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस’ हे नाव स्वीकारले. जुन्या नावाभोवती शिवणटिपणाची प्रतिमा घट्ट झाली होती, हे त्यामागील एक कारण.

नाव बदलले, तरी घरातील ज्ञान हे ज्ञानच आहे, हा त्यामागील आग्रह एलेन यांचाच होय. आज अमेरिकेतील काही विद्यापीठांत या विषयात पदव्युत्तर प्रमाणपत्रापासून डॉक्टरेटपर्यंतचे अध्ययन करता येते. जिला विद्यार्थिनी म्हणून नोंदण्यासही संस्था बिचकत होती, त्या स्त्रीचे ऋण अशा प्रत्येक प्रमाणपत्रावर अलिखित राहिले आहे.