गाडगेबाबा, परिटाची भट्टी आणि धुणाऱ्याचे हात : डिटर्जंटमुळे होणारा त्वचेचा व डोळ्यांचा त्रास

धुण्याच्या पावडरीने हातांना खाज येते, बोटांच्या बेचक्यात भेगा पडतात, कपडे भिजवलेल्या बादलीवर वाकले की डोळे चुरचुरतात. निलंग्यासारख्या ठिकाणी प्रॅक्टिस करताना ही तक्रार वर्षभर ऐकू येते आणि ती घेऊन येणाऱ्या दहाजणांत नऊ बायका असतात. तुम्हालाही हा त्रास असेल तर उपाय पुढे सांगितलेच आहेत. पण त्याआधी एका माणसाचे आयुष्य वाचा. तुम्ही त्यांना झाडूवाले संत म्हणून ओळखता. ते कपडे धुणाऱ्यांच्या घरात जन्मले होते, हे मात्र आपण बहुतेक विसरलेलो असतो.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे झाला. आईचे नाव सखुबाई. जात परीट, वऱ्हाडात वरठी असेही म्हणतात. बारा बलुतेदारांपैकी हे एक घर. गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा वाटा घ्यायचा, असा हा व्यवहार.

हे काम कसे चाले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या हाताच्या खाजेचे मूळ त्यात सापडते. तेव्हा पावडर नव्हती. मळके कपडे धुण्याच्या सोड्याच्या, खाऱ्या मातीच्या किंवा राखेच्या पाण्यात भिजवत. मग ते मोठ्या भांड्यावर रचून खालून जाळ लावत आणि वाफेने मळ सुटू देत. यालाच भट्टी लावणे म्हणतात. पहाटे भट्टी उतरवून कपडे नदीवर न्यायचे, दगडावर आपटायचे, खळबळायचे. म्हणजे एकीकडे खाराची वाफ तोंडावर आणि डोळ्यांत, दुसरीकडे तासन्‌तास ओले हात. आपल्या कातडीचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाच. सोड्याच्या पाण्याचा पीएच दहा-अकराच्या घरात जातो. असे पाणी कपड्यातला तेलकट मळ काढते, तसेच कातडीतले नैसर्गिक तेलही काढते. मळ आणि कातडी यांत फरक करण्याचे शहाणपण त्या पाण्याकडे नाही. आजच्या पावडरीकडेही नाही.

परिटाच्या घरात आणखी एक वस्तू असे, ती म्हणजे बिब्बा. कपडे कुणाचे हे कळावे म्हणून त्यावर बिब्ब्याच्या तेलाची खूण करत. ती कितीही धुतली तरी जात नाही. हे तेल अंगाला लागले की बिब्बा उततो, हे आपल्याकडे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांना मानेवर, कमरेवर, नेमक्या त्या खुणेच्या जागी फोड येऊ लागले, तेव्हा डॉक्टरांनी त्याला धोब्याच्या खुणेचा त्वचादाह असे नावच दिले. जांघेतल्या गजकर्णालाही गोऱ्या साहेबांनी धोब्याची खाज म्हणून ठेवले होते. तो तर बुरशीचा आजार. त्यात धुणाऱ्याचा दोष नाही. आपली खाज धुणाऱ्याच्या माथी मारायची सवय बरीच जुनी आहे, आणि धुणाऱ्याच्या हातांची खाज कुणी विचारायची नाही, ही त्याहून जुनी.

(जाता जाता : गुडघे दुखतात म्हणून आजही कुणी बिब्ब्याचे चटके देतात. देऊ नका. त्या जखमा भरायला महिने लागतात.)

डेबूजी लहान असतानाच वडील दारूच्या व्यसनाने गेले. आई त्यांना घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आपल्या माहेरी गेली. तिथे मामाच्या घरी डेबूजी गुरे राखू लागले, पुढे शेती करू लागले. धुण्याच्या दगडापेक्षा त्यांचे हात नांगराला जास्त लागले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. शाळा नाहीच. 1892 मध्ये कुंताबाईंशी लग्न झाले, मुले झाली. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात कशी जाते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत असताना त्यांनी जातभाईंना गोडाचे जेवण वाढले. वडील ज्याने गेले ते भांडे त्यांना पंगतीत नको होते.

1905 मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे. गावात शिरले की आधी रस्ते आणि गटारे झाडायला लागायचे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. दारू, कर्ज, देवापुढे बकरे कापणे, शिवाशिव यांवर त्या कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. कुणाला पाया पडू देत नसत. 1923 मध्ये कोकणात खारेपाटणला मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, तरी त्यांनी हातातले कीर्तन सोडले नाही. कुंताबाईंनी हे सगळे कसे सोसले असेल, याबद्दल आपण फार कमी बोलतो.

एक डॉक्टर म्हणून मला त्यांच्या खराट्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. साफसफाई हे जातीने नेमून दिलेले काम होते. ज्याच्या वाट्याला ते आले, त्याचेच हात, डोळे आणि छाती त्यात झिजायचे. गाडगेबाबांनी ते काम स्वतः उचलले आणि मग गावातल्या पाटलापासून पोरांपर्यंत सगळ्यांच्या हाती झाडू आला. काम वाटले गेले की त्याचा मारही वाटला जातो. हाताच्या एक्झिमाचे गणित नेमके असेच आहे. दिवसात दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहिले, किंवा वीसहून जास्त वेळा धुतले गेले, तर तो धोका वाढलेला मानतात. तुमच्या घरात धुणे, भांडी आणि लादी ही तिन्ही कामे एकाच बाईच्या हातांत असतील तर ती सकाळी दहालाच ही मर्यादा ओलांडते. म्हणून मी मलमाबरोबर धुणे वाटून घ्या असेही लिहून देतो. नवरे हसतात. पण हे औषधच आहे, आणि त्याशिवाय मलमाचा उपयोग चार दिवस टिकतो.

पुढची पन्नास वर्षे बाबा फिरत राहिले. ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. आपल्या भागातून पेशंट मुंबईला हलवला की प्रश्न पडतो तो सोबतच्या माणसांनी राहायचे कुठे, शिजवायचे कुठे आणि धुवायचे कुठे. पेशंटचे कपडे रोज धुवावे लागतात, आणि तिथल्या मोरीत ते धुणारी बहीण किंवा सून स्वतःच्या हातांकडे बघत नाही. त्या माणसांचा विचार बाबांनी केला होता. 1952 मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा चौदा दिवस झाले होते. 2000-01 पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावोगावच्या भिंतींवर त्यांचे चित्र आले.

बाबा गेल्यावर तीनच वर्षांनी, 1959 मध्ये, सर्फ बाजारात आले. 1969 मध्ये निरमा. परिटाची भट्टी विझत गेली आणि खार घरोघरच्या मोरीत आला. धुणारे हात बदलले एवढेच.

आता तुमच्या त्रासाकडे येऊ. तो दोन प्रकारचा असतो. पहिला दाहाचा : पावडर जास्त, वेळ जास्त, तर कुणाचेही हात सोलवटतील. कोरडेपणा, लाली, आग, भेगा, तेही विशेषतः अंगठीखाली आणि बेचक्यात. बहुतेकांना हाच होतो. दुसरा ॲलर्जीचा : बिब्ब्यासारखा. एकदा शरीराने ओळख धरली की थोडासा स्पर्शही पुरतो, आणि पुरळ लगेच न येता एक-दोन दिवसांनी येते. पावडरीत आणि लिक्विडमध्ये हे बहुधा सुगंधी द्रव्यांमुळे किंवा टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनांमुळे होते. कोणता प्रकार आहे ते नुसते बघून नेहमी कळत नाही. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात.

रिठा वापरला तर चालेल का, असे बरेचजण विचारतात. चालेल, कातडीला तो अनेकांना सौम्य वाटतो. पण रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते आणि त्याची भुकटी नाकात गेली तर शिंका थांबत नाहीत. झाडाचे म्हणजे निरुपद्रवी असे नाही. बिब्बाही झाडालाच येतो.

आपल्या भागात एक वेगळी अडचण आहे, पाण्याची. बोअरचे जड पाणी साबणाला फेस येऊ देत नाही, म्हणून हात सढळ होतो आणि पावडर वाढते. आणि टंचाईत खळबळायला पाणी नसते. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. असा उन्हाळा असला की कपडे एकाच पाण्यातून काढले जातात. मग पावडर कपड्यातच राहते आणि घाम आला की कमरेला, काखेत, मानेवर खाज सुटते. लोक याला उष्णता म्हणतात. पाणी कमी असेल तर उपाय पाणी वाढवणे नाही, पावडर कमी करणे हा आहे. पुड्यावर लिहिलेल्या मापापेक्षा जास्त घालू नका. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. लहान मुलांचे आणि एक्झिमा असलेल्यांचे कपडे मात्र दोनदा खळबळा, त्यासाठी हवे तर चादरी पुढे ढकला.

धुताना आत सुती मोजे आणि वर रबरी हातमोजे घाला, अंगठी काढून ठेवा. काम झाले की हात साध्या पाण्याने धुऊन, टिपून, लगेच व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावा. रात्री झोपताना पुन्हा. मेडिकलवरून स्वतःहून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणू नका. चार दिवस छान वाटते, नंतर कातडी पातळ होते आणि बुरशी असेल तर ती पसरते.

वाफेचे आणि वासाचे काय? पावडर ओतताना उडणारी बारीक धूळ, गरम पाण्यातून वर येणारा सुगंध आणि बंद न्हाणीघर, या तिन्हींमुळे डोळे चुरचुरतात, नाक वाहते. दम्याच्या पेशंटला धापही लागते. आधी पाणी घ्या, पावडर खालून हळू सोडा, दार-खिडकी उघडी ठेवा किंवा बादली अंगणात न्या. खरा धोका मात्र वेगळा आहे. कपड्यांचे ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. तो छातीवर आणि डोळ्यांवर थेट हल्ला करतो. हे दोन्ही एका दिवशी, एका मोरीत वापरूच नका. तसे झालेच तर बादली उचलत बसू नका, आधी उघड्यावर या. खोकला थांबत नसेल, छाती भरून आली असेल तर लगेच दवाखाना गाठा. हा त्रास काही तासांनी वाढूही शकतो.

पावडर किंवा लिक्विड डोळ्यांत गेले तर चोळू नका. पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ पाण्याची बारीक धार किमान पंधरा मिनिटे सोडा. घड्याळ लावा, कारण दोन मिनिटेच पंधरा वाटतात. खार आम्लापेक्षा डोळ्यात खोल उतरतो, म्हणून हा वेळ महत्त्वाचा. दूध, मध, तूप, गुलाबपाणी काहीही घालू नका. लेन्स असेल तर धुता धुता काढा. धुऊन झाल्यावरही दुखत असेल, अंधूक दिसत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा बुबुळ पांढुरके वाटत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. मूल असेल तर लक्षणांची वाट न बघता दाखवा. आणि येताना तो पुडा किंवा बाटली बरोबर आणा. त्यावरची घटकांची यादी बघून आमचा अर्धा वेळ वाचतो.